पानाचंदभाऊंना मी दाखवलेला तारा

या, अशा जवळ या बरं. कठड्याला टेकून पाहुण्यासारख्या काय उभ्या राहिलात? आणि तो मोबाईल आधी पर्समध्ये टाका. तुम्हा लोकांचं हे मला आवडत नाही, तोंडावर सांगते. आकाश पाहायला येता आणि पाचव्या मिनिटाला विचारता, फोटो निघते का? डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. एकदा उजेड पाहिला की ती मोडते, मग पुन्हा वीस मिनिटं. कागदावरून बोलावते आहे म्हणून काय झालं, बसा म्हटलं की बसावं. तेवढ्या वेळात मी एक सांगते. लय दिवसांपासून सांगायचं आहे.

मी आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे काय ते माझ्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत कळलं नाही. तो आपला सगळ्यांना सांगायचा, "आमची कमल सायन्सले हाये." हो, होते सायन्सला. परीक्षानळ्या धुवायला, स्पिरिटचे दिवे भरायला आणि पोट्ट्यांनी फोडलेल्या काचा वेचायला. माझे मालक त्याच शाळेत शिपाई होते. ते गेले आणि अनुकंपेवर मला घेतलं. शिक्षण सातवी. इंग्रजी अक्षरं मी आम्लाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकले, म्हणून आजही मला इंग्रजीत 'पाणी' लिहिता येण्याआधी 'विष' लिहिता येतं.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक लाकडी पेटी होती. साहित्याच्या नोंदवहीत दरवर्षी लिहिलं जायचं, 'दुर्बीण, एक नग', आणि पेटी पुन्हा बंद व्हायची. एका वर्षी धूळ झटकायला म्हणून मी ती उघडली आणि तशीच गच्चीवर नेऊन चंद्राकडे लावली. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमीच पाहत जा मावशी, मले रातच्याले यायले जमत नाई." तिथून ती दुर्बीण माझी झाली. पुस्तकातलं अर्धं समजायचं, अर्धं दुर्बिणीला डोळा लावून समजून घ्यायचे. हळूहळू मालेगावात मला 'दुर्बीणवाली मावशी' म्हणू लागले. महिन्यातून दोनदा शाळेच्या गच्चीवर मी लोकांना आकाश दाखवायचे.

काय काय गिऱ्हाईक यायचं म्हणता! किन्हीराजाचे एक आजोबा चंद्रावरचे खड्डे पाहून म्हणाले, "काय व बाई, तिथं बी रस्त्याचं काम काढलं का?" एक बाई मुलाची कुंडली घेऊनच आली होती. शनी पाहून झाल्यावर तिनं दुर्बिणीला हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आता सोड ना बाप्पा त्याले." मी तिला अजून पाच मिनिटं पाहू दिलं. आसेगावच्या एका शेतकऱ्याचा फोन आला होता, "मावशी, लघुग्रह पडून राह्यला म्हनतेत मोबाईलवर. मंग हरबरा पेरू का नको?" मी म्हटलं, "पेरा. आणि तो मोबाईल ठेवा बाजूला."

त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मंगळ आणि गुरू यांच्या मधे लहानमोठ्या धोंड्यांचा एक मोठा पट्टा आहे. ते तिथल्या तिथे आपापल्या वाटेनं सूर्याभोवती फिरत असतात, आपल्या वाटेला जात नाहीत. त्यातला सगळ्यात उजळ वेस्टा. आकारानं म्हणाल तर आपल्या वाशिमपासून पार मुंबईपर्यंत पसरेल एवढा. पण इतका लांब, की दुर्बिणीतूनही नुसता ठिपका. शेजारी शंभर तारे असतील तर तो एकशे एकावा. शनीला कडं आहे, गुरूला पट्टे आहेत, ह्याला काहीच खूण नाही. मग ओळखायचा कसा?

त्याची रीत आहे. पहिल्या रात्री दुर्बिणीतल्या गोल चकतीत जेवढे ठिपके दिसतील तेवढे कागदावर काढायचे. एक-दोन दिवसांनी पुन्हा तीच जागा काढायची. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सगळे ठिपके जिथल्या तिथे असतात, एक सरकलेला असतो. जो सरकला तो लघुग्रह. म्हणजे पहिल्या रात्री तुम्ही त्याला पाहिलेलं असतं, पण पाहिलं हे कळतं दुसऱ्या रात्री. नकाशा कितीही चांगला असू द्या, मी मुलांना ताकीद द्यायचे की पहिल्या रात्री फक्त 'बहुतेक' म्हणायचं. 'हाच' म्हणायचं नाही.

रेखा ही त्या मुलांमधली. दहावीत होती तेव्हा तिनं दोन्ही रात्रींचे कागद काढले आणि सरकलेला ठिपका माझ्याआधी तिला सापडला. गच्चीवर अशी नाचली की मी तिचा दंड धरून ठेवला, पडेल म्हणून. तिचे वडील पानाचंदभाऊ, आमच्या इथले भांड्यांचे व्यापारी. लग्नसराईत त्यांच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नसायची. भांड्यांवर नावं ते स्वतः टाकायचे. छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन ठिपक्याला ठिपका जोडत 'चि. सौ. कां.'पासून पूर्ण आडनावापर्यंत. रेखा घरी धावत गेली, "बाबा, चला ना, मले सापडला." ते म्हणाले, "आज अकरा पराती अन् दोन घागरी पूर्ण करायच्या हायेत बेटा. उद्या पाहीन."

तो उद्या काही आला नाही. रेखा शिकली, बी.एस्सी. झाली आणि चोविसाव्या वर्षी तिनं दीक्षा घेतली. जैनांमध्ये दीक्षा घेतली की घर सुटतं, नाव सुटतं, वाहन सुटतं. गावोगाव अनवाणी पायी चालायचं. मोठा सोहळा झाला, मीही गेले होते. पानाचंदभाऊंनी सगळ्यांसमोर आपल्या मुलीला वंदन केलं, आणि त्या दिवसापासून ती त्यांची मुलगी राहिली नाही, महाराजसाहेब झाली. कौतुकच होतं ते. पण दोन महिन्यांनी मी डबा घ्यायला दुकानात गेले तेव्हा ते मला म्हणाले, "कमलबाई, तिचं जुनं नाव मी आता फक्त भांड्यावर टाकू शकतो. दुसऱ्याच्या लेकीचं असते ते."

माझ्या नोकरीचा शेवटचा हिवाळा आला. मार्गशीर्ष होता. पानाचंदभाऊ सुनेला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. दुसऱ्याची नजर कडेकडेनं मिटत आलेली. "नळीतून पाहिल्यासारखं दिसते," म्हणाले. "मधचं दिसते, बाजूचं काई नाई." गुरुवारी अकोल्याला शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की वाचेलच असं नाही.

"मले तो ठिपका पाह्यचा हाये," ते म्हणाले. "तिनं पाह्यलेला."

"गुरुवारच्या आधी?"

"नंतरचं कोनी पाह्यलं, बाई?"

वेस्टा त्या दिवसांत खरंच छान वर होता, मृग आणि मिथुन यांच्या मधल्या भागात. अडचण दुर्बिणीची होती. शाळेची दुर्बीण आरशाची. कपाटात ज्या खणात ती होती त्याच्या खालच्या खणात मी आम्लाच्या बाटल्या ठेवत आले होते. इतक्या वर्षांच्या वाफेनं आरशाची चकाकी खाल्ली होती आणि आरसा नवीन मुलाम्यासाठी बाहेर पाठवलेला होता. भाऊ म्हणाले, "म्हणजे दुर्बीणच पाह्यजे ना?" आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याला सोबत घेऊन भिंगाची एक नवीन दुर्बीण घेऊन आले. दुकानदाराकडून ती त्यांनी घागर घ्यावी तशी टिचकी मारून, आवाज ऐकून घेतली होती म्हणे. पुतण्या हसून हसून सांगत होता.

सोमवारी संध्याकाळी ते गच्चीवर आले. सूर्यास्तानंतर त्यांना अन्न नाही, पाणी नाही, म्हणून उजेड असतानाच जेवून आलेले. मी माझा चहाचा थर्मास लपवला. सुनेनं खुर्ची मांडली. मी टॉर्चला लाल पतंगी कागद बांधून नकाशा काढला आणि दुर्बीण लावली.

आता माझी चूक सांगते. सरळ सांगते.

आरशाच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं दिसतं, खालचं वर आणि डावं उजवीकडे. म्हणून नकाशा उलटा धरायचा. हे मी वीस वर्षं केलं. झोपेत उठवलं असतं तरी नकाशा उलटाच धरला असता. पण ह्या नवीन दुर्बिणीला मागे कोपर होतं, म्हणजे वाकडी नळी, मान न मोडता वरून पाहता यावं म्हणून. कोपरातून वरचं वरच राहतं, फक्त डावं-उजवं बदलतं. त्यासाठी नकाशा उलटा नाही धरायचा, तर कागद पाठीमागून उजेडावर धरून पाहायचा. मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण हातानं त्याचं ते केलं. नकाशात वेस्टा एका ठळक ताऱ्याच्या वर होता. मी कागद उलटा धरला आणि त्याला ताऱ्याच्या खाली शोधलं. आणि नशीब बघा, खाली तेवढाच उजळ एक तारा होता. नसता तर मी थांबले असते, डोकं खाजवलं असतं.

भाऊंना फक्त मधलं दिसत होतं, म्हणून मी तो तारा हळूहळू सरकवत चकतीच्या अगदी मधोमध आणला.

"पाहा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून सुनेकडे दिला आणि डोळा लावला. खाली रस्त्यावरून वाशिमची एस.टी. गेली, कोणाचं तरी कुत्रं भुंकलं.

"हाच का, बाई?"

मी 'बहुतेक' म्हणायला पाहिजे होतं. तोंडाशी आलाही होता तो शब्द. पण बहात्तर वर्षांचा माणूस, खुर्चीच्या हातांवर बोटं घट्ट रोवलेली, आणि गुरुवार तीन दिवसांवर.

"हाच," मी म्हटलं.

"पिवळसर हाये," ते म्हणाले. मग डोळा न काढता, मला नाही, कोणालाच नाही, असं म्हणाले, "उशीर झाला ना बेटा." सून तिकडे तोंड करून उभी राहिली. मी नकाशाची घडी घातली.

मंगळवारी ढग होते. बुधवारी आकाश मोकळं झालं आणि मी सवयीनं गच्चीवर जाऊन तीच जागा पुन्हा काढली. नवीन दुर्बीण शाळेतच ठेवलेली होती. सोमवारी ते गेल्यावर मी कागदावर ठिपके काढून ठेवले होतेच. दोन्ही कागद शेजारी ठेवले. भाऊंना दाखवलेला तारा जिथल्या तिथे होता. वरच्या अंगाचा एक ठिपका सरकला होता.

मला आधी वाटलं कागद चुकला. मग पुन्हा पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं मी सोमवारी नकाशा कसा धरला होता.

साडेआठ वाजले असतील. त्यांचं घर शाळेपासून दोन गल्ल्या. ते पहाटे निघणार होते. आकाश स्वच्छ, दुर्बीण लावलेली, वेस्टा चकतीत. मी फोन हातात घेतला. त्यांच्या सुनेचा नंबर काढला आणि तसाच धरून बसले.

का नाही केला? मी स्वतःला तेव्हा सांगितलं की उद्या ऑपरेशन आहे, माणूस शांत मनानं जातो आहे, कशाला घोळ घालायचा. डोळा वाचला तर पुन्हा दाखवता येईल. हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. मला लाज वाटत होती. सगळं गाव मला दुर्बीणवाली मावशी म्हणत होतं, आणि सून उद्या बाजारात सांगेल की बाईंनी तारा दाखवून लघुग्रह म्हणून खपवला. सातवी पास बाईला नाव फार जपून ठेवावं लागतं हो. मी फोन ठेवून दिला आणि दुर्बिणीवर झाकण लावलं.

डोळा वाचला नाही.

पुढचे चार महिने पानाचंदभाऊ दुकानात गल्ल्याशेजारी बसून असायचे आणि येईल त्याला सांगायचे. मी स्वतः ऐकलं आहे, पातेली पाहण्याच्या निमित्तानं कोपऱ्यात उभी राहून. "आमच्या कमलबाईनं दाखवला. पातेल्यावर पहिला टोला मारला का जो ठिपका चमकते ना, तसा. डोळा गेला त्याचं दुःख नाई मले. जाण्याआधी पाह्यला." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मी पातेलं न घेताच बाहेर पडायचे.

माझ्या निरोप समारंभाला ते सुनेचा हात धरून आले. मुख्याध्यापक बोलले, मुलं बोलली, साडी-नारळ झालं. मग भाऊ उभे राहिले. माईक त्यांच्या हातात द्यावा लागला. त्यांनी सगळ्या शाळेसमोर ती सोमवारची संध्याकाळ सांगितली. टाळ्या किती वेळ वाजल्या मला ठाऊक नाही. मी साडीची घडी मांडीवर ठेवून तिच्या काठाकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ते एका डब्याचं झाकण फडक्यानं पुसत बसले होते, पुसलेलंच पुन्हा.

"भाऊ, मी कमल."

"पावलावरून कळलं. बसा ना. पाणी आणा व कोनी."

"पाणी नको. भाऊ, तो वेस्टा नव्हता."

फडकं थांबलं.

मी सगळं सांगितलं. कोपर, उलटा कागद, खालचा तारा. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "मंग खरा कुठं होता?"

"त्याच चकतीत होता भाऊ. वर. काठाले."

"काठचं मले दिसत नव्हतं, बाई."

"हो. मले माहीत हाये."

"कधी कळलं तुमाले?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. मागच्या आठवड्यात कळलं म्हटलं असतं तरी कोण तपासणार होतं?

"बुधवारी," मी म्हटलं. "साडेआठला."

त्यांनी झाकण डब्यावर ठेवलं. ते नीट बसेना. दोनदा फिरवून बसवलं. "बुधवारी मी घरीच होतो," ते म्हणाले. "गच्चीवर बसून होतो. डोळा चालू होता."

त्यांनी फडक्याची घडी करून बाजूला ठेवली.

"मी तिले सांगतलं, कमलबाई. फाल्गुनात महाराजसाहेब शिरपूरवरून विहार करत गेल्या, तेव्हा मी दर्शनाले गेलो. सांगतलं का मी पाह्यला. ह्या तोंडानं सांगतलं त्यांच्यासमोर."

"तुमाले कुठं माहीत होतं, भाऊ?"

"मले नव्हतं. तुमाले होतं."

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि मला म्हणाले, "जा आता बाई. ऊन लागते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दुकानात ती गोष्ट पुन्हा कोणी ऐकली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जुनं झालं ते." मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. पितळी भांडं उजळून घ्यायचं असलं तरी दुसरीकडे नेत होते. शाळेच्या दुर्बिणीचा आरसा नवा होऊन आला, शाळेनं गच्चीची किल्ली माझ्याकडेच ठेवली, लोक येत राहिले. मी चंद्र दाखवायचे, शनी दाखवायचे. लघुग्रह दाखवा म्हटलं की ढग आहेत म्हणायचे.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण झालं. त्याच्या शेवटी जैन लोक घरोघरी जाऊन वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतात, सगळ्यांची, लहानांचीसुद्धा. पानाचंदभाऊ दरवर्षी माझ्याकडे यायचे. त्या वर्षी येणार नाहीत असं धरून मी दाराला कडी लावून बसले होते. काठीचा आवाज आला. सुनेनं कडी वाजवली. मी दार उघडलं. ते उंबऱ्याबाहेर उभे होते, चेहरा माझ्यापासून थोडा बाजूला वळलेला, कारण मी नेमकी कुठे उभी आहे हे त्यांना कळत नव्हतं.

त्यांनी त्या रिकाम्या बाजूकडे हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं, कमलबाई."

माफी मला मागायची होती. चार शब्द होते, इतके महिने जमवलेले. पण ते आधी बोलून मोकळे झाले आणि मी नुसती दाराची चौकट धरून उभी राहिले. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल? ते क्षणभर थांबले. मग सून म्हणाली, "चला बाबा," आणि ते पुढच्या घराकडे गेले. त्यांनी मला माफ केलं की नेम पाळला, मला कळलं नाही. पुढच्या वर्षी विचारीन म्हटलं. पौषात ते गेले. महाराजसाहेबांना कोणी कळवलं असेल, त्या तेव्हा कुठे तरी तिकडे गुजरातच्या वाटेवर होत्या.

तेव्हापासून मी आता ढगांचं सांगत नाही. लघुग्रह पाहायचा म्हणणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. पहिल्या रात्री 'बहुतेक' म्हणते आणि त्याचा मोबाईल नंबर लिहून घेते. दुसऱ्या रात्री कागद जुळवल्यावर मी फोन करते, चुकले असले तरी करते, माणूस झोपला असला तरी उठवते.

तर असं आहे. घरात कोणाची नजर कमी होत असेल, सासूची, वडिलांची, तर त्यांना घेऊन या. 'पुढच्या सुट्टीत पाहू' म्हणू नका, मी ऐकणार नाही. मालेगावात उतरून कोणालाही दुर्बीणवाल्या मावशीचं घर विचारा. पोळी-भाजी माझ्याकडे होईल, अंथरुणं आहेत. फक्त दोन रात्रींच्या तयारीनं या, आणि लवकर या.